रुग्णालयात लागलेल्या संसर्गाचा खर्च बिलाच्या कोणत्या ओळीत असतो?

हिशेबवही (धागाकर्ता)

सोलापुरात मी अनेक वर्षे लेखापालाचे काम करतो. त्या निमित्ताने नातेवाईक, शेजारी आणि व्यवसायातील परिचित रुग्णालयाची बिले घेऊन माझ्याकडे येतात. कोणाला विम्याचा दावा मांडायचा असतो, तर कोणाला एवढी रक्कम झाली कशी एवढेच समजून घ्यायचे असते. ही बिले वाचताना एक उणीव मला वारंवार दिसत आली आहे. खाटेचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांच्या भेटी, औषधे, तपासण्या, ऑक्सिजन, अगदी हातमोजे आणि कापूससुद्धा स्वतंत्र ओळीत लिहिलेले असते. परंतु दाखल झाल्यानंतर रुग्णालयातच रुग्णाला जो संसर्ग लागला, त्याची ओळ एकाही बिलात नसते. त्याचा खर्च या सगळ्या ओळींमध्ये वाटला गेलेला असतो आणि म्हणून तो कोणाच्याही नजरेस पडत नाही.

माझ्या आत्याचे उदाहरण देतो. घरात पडल्याने तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, ती वॉकर धरून चालू लागली आणि घरी आली. काही दिवसांनी जखमेतून पाणी येऊ लागले, नंतर पू आला. मग पुन्हा दाखल होणे, पुन्हा भूल, जखम उघडून साफ करणे आणि शिरेतून दिवसाला तीन वेळा द्यावे लागणारे महाग अँटिबायोटिक. सगळे कागद पुढे ठेवून मी त्यांचे दोन भाग केले. संसर्ग झाला नसता तरी जो खर्च झालाच असता तो एका बाजूला आणि केवळ संसर्गामुळे झालेला दुसऱ्या बाजूला मांडला, तेव्हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा निघाला. डिस्चार्ज कार्डावर मात्र या सगळ्याचा उल्लेख 'शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत' एवढाच होता. रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही आपल्या अनुभवात ते देऊ नये, अशी विनंती आहे. प्रश्न एका इमारतीपुरता नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तेथील वास्तव्यात किमान एक संसर्ग होतो, आणि अशा बाधितांपैकी सरासरी दहातील एक जण दगावतो. सोलापूर हे केवळ आपल्या जिल्ह्याचे उपचारकेंद्र नाही. धाराशिव आणि लातूरकडून, तसेच सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गीहून रुग्ण येथे येतात; सिव्हिलच्या आवारात सकाळी उभे राहिले तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा कानी पडतात. एवढ्या मोठ्या परिसराचा हा खर्च मोजतो कोण आणि सोसतो कोण, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे.

निवृत्त_सिस्टर

मी अतिदक्षता विभागात आणि सेवेच्या शेवटच्या काळात संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम केले आहे. त्यामुळे खर्चाच्या आधी हा संसर्ग शिरतो कोठून ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तो टाळण्याजोगा आहे हे पटत नाही.

रुग्णालयातील गंभीर संसर्गांपैकी बहुतेक चार वाटांनी येतात: मानेतील किंवा छातीतील मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, लघवीची नळी, व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी आणि शस्त्रक्रियेची जखम. शरीराचे स्वतःचे जे कुंपण असते, ते या चारही ठिकाणी आपणच उपचारासाठी उघडलेले असते. नळी आवश्यक असते यात शंका नाही. पण ती जितके दिवस आत राहते तितका धोका वाढत जातो. माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान 'असू द्या आजचा दिवस' या वाक्याने केले आहे. रुग्ण शुद्धीवर असतो, उठून बसतो, तरीही लघवीची नळी तशीच असते, कारण ती काढण्याचा आदेश कोणी लिहिलेला नसतो.

यावरचा उपाय किती साधा असू शकतो, याचे एक उदाहरण आमच्या प्रशिक्षणात नेहमी सांगितले जाई. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १०३ अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनसाठी पाच गोष्टींची तपासणी-यादी पाळली. हात धुणे, लाइन घालताना टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन आणि रुग्णावर पूर्ण चादर वापरणे, त्वचा क्लोरहेक्झिडीनने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे, एवढीच ती यादी होती. एका रुग्णाची लाइन एक दिवस राहिली की तो एक लाइन-दिवस; अशा दर हजार लाइन-दिवसांमागे असलेला संसर्गाचा मध्यक २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोणतेही नवे औषध किंवा नवे यंत्र नव्हते. परिचारिकेला मात्र एक अधिकार देण्यात आला होता: यादीतील एखादी पायरी चुकली, तर ती डॉक्टरांना थांबवू शकत होती. आपल्याकडे यादी भिंतीवर लावणे सोपे जाते. हा अधिकार देणे जड जाते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका परिचारिकेकडे तीन-तीन रुग्ण असतात. एका रुग्णाचा कफ काढत असताना शेजारचा मॉनिटर वाजला की ती धावते, आणि त्या धावण्यात हात धुणे राहून जाते. तिला निष्काळजी ठरवणे सोपे आहे, पण न भरलेल्या जागांचा हिशेबही या धाग्यात व्हायला हवा.

होटगी_रस्ता

एक शंका आहे. संसर्ग रुग्णालयात लागला की रुग्ण तो घरूनच घेऊन आला होता, हे ठरवतात कसे? आमच्या घरच्या प्रसंगी डॉक्टरांनी 'जंतू तुमच्याच शरीरातले आहेत' असे सांगितले होते आणि पुढे काय विचारावे हे आम्हाला सुचले नाही.

कल्चर_प्लेट

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर आहे. आपल्या शंकेचे उत्तर दोन भागांत देतो.

सर्वसाधारण नियम असा आहे की, दाखल होतेवेळी जो संसर्ग नव्हता किंवा शरीरात मुरतही नव्हता आणि जो दाखल झाल्यापासून ४८ तास उलटल्यानंतर दिसू लागला, तो रुग्णालयातील संसर्ग मानला जातो. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी ही मुदत ३० दिवसांची आहे आणि सांधा, रॉड, प्लेट यांसारखी वस्तू शरीरात बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवावे लागते. म्हणजे धागाकर्त्यांच्या आत्यांची जखम घरी आल्यावर चिघळली, तरी व्याख्येनुसार तो रुग्णालयातीलच संसर्ग आहे.

'जंतू तुमच्याच शरीरातले' हे वाक्य अनेकदा खरे असते, पण अपुरे असते. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा ई. कोलाय नळीच्या वाटेने मूत्राशयात पोहोचला, तर तो रुग्णाचाच जंतू असतो. तथापि त्याला वाट नळीने दिलेली असते. त्याखेरीज दाखल झाल्यानंतर काही दिवसांतच रुग्णाच्या त्वचेवर आणि घशात रुग्णालयातील जंतू वस्ती करू लागतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास ही त्यांतील नेहमीची नावे आहेत. दिल्लीच्या एम्सने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभरातील रुग्णालयांचे जे देखरेख जाळे उभारले, त्यातील २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात हेच जंतू पुढे आले आणि त्यांपैकी बहुतेक कार्बापेनेम या प्रभावी अँटिबायोटिक गटातील औषधांना दाद देत नव्हते. रक्तातील संसर्गाचे प्रमाण नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत सर्वाधिक आढळले. कमी वजनाच्या, मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाला अशा जंतूशी झुंजावे लागते, तेव्हा आमच्या हाती कोलिस्टिनसारखी औषधे उरतात आणि त्यांपासून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. खर्चाची चर्चा करताना ही बाजू सुटू नये. एका रुग्णासाठी वापरलेले राखीव औषध पुढच्या रुग्णासाठी थोडे निकामी होत असते आणि ती किंमत कोणत्याही बिलात बसवता येत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात थेट १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारावा असा एक प्रश्न सुचवतो: 'अँटिबायोटिक बदलण्यापूर्वी कल्चर पाठवले आहे का?' कल्चर म्हणजे रक्त, लघवी किंवा पू यांच्या नमुन्यातील जंतू वाढवून ते ओळखण्याची तपासणी. तिचा नमुना औषधाच्या आधी घेतला, तर दोन-तीन दिवसांत नेमके औषध ठरवता येते. औषध सुरू झाल्यावर घेतलेला नमुना पुष्कळदा कोरा येतो, आणि मग अंदाजाने दिलेले महाग औषध बंद करण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

कुंभारी_घरकुल

मी विडी घरकुलात राहते. माझी आई आणि थोरली बहीण विड्या वळतात. बहिणीचे सिझेरियन झाले. टाके काढायच्या सुमारास जखम एका बाजूने उघडली. जेथे बाळंतपण झाले ते रुग्णालय लांब पडत असल्याने आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे रोज ड्रेसिंगला जाऊ लागलो.

हिशेबवही काका, आपण दोन भाग केलेत, त्यात तिसरा भाग धरायला हवा, असे मला वाटते. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. वळल्या नाहीत तर त्या दिवसाचे काहीच नाही. बहीण बसू शकत नव्हती. आई तिच्याबरोबर रिक्षाने जात असल्याने तिचेही काम बुडाले. बाळाला बाहेरचे दूध सुरू करावे लागले, कारण बहिणीला ताप होता आणि ती फार अशक्त झाली होती. आईच्या बोरमाळेवर कर्ज काढले, ते अजून फिटलेले नाही. औषधाची जी बिले आहेत ती एका पिशवीत मावतात, पण बाकीच्या कशाचेही बिल नाही. प्रसूती योजनेत झाल्यामुळे रुग्णालयाचा खर्च शून्य होता, असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो.

कल्चर_प्लेट

ताई, आपल्या प्रतिसादातील एका तपशिलाकडे सर्वांचे लक्ष वेधतो. जखम उघडल्यानंतर आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात. म्हणजे जेथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयाला हा संसर्ग झाल्याचे कदाचित कळलेच नसेल. त्यांच्या नोंदवहीत ती शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली असेल. रुग्ण आता लवकर घरी सोडले जातात, त्यामुळे जखमेचे बरेचसे संसर्ग घरी गेल्यावरच दिसतात. यासाठी ३०व्या दिवशी प्रत्येक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला दूरध्वनी करून जखमेची चौकशी करावी, असा संकेत आहे. एक परिचारिका आणि एक वही यांवर हे काम होऊ शकते.

छोटे_रुग्णालय

मी शल्यचिकित्सक असून शहरात लहान रुग्णालय चालवतो. आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून मालकाची बाजू मांडणे आवश्यक वाटते.

संसर्गामुळे रुग्णालयाची कमाई होते, असा एक समज लोकांमध्ये आहे. रोख पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत बिल वाढते हे खरे आहे. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या शस्त्रक्रियेला ठरलेली रक्कम मिळते. रुग्ण आणखी आठवडाभर राहिला म्हणून ती वाढत नाही. त्या आठवड्यात खाट अडकते, दुसरा रुग्ण घेता येत नाही आणि औषधांचा भार आमच्यावर पडतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपण केलेल्या शस्त्रक्रियेच्या जखमेतून पू आलेला पाहून झोप न लागणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत.

अडचण अशी आहे की, प्रतिबंधाचा खर्च आज करावा लागतो आणि त्याचे फळ 'न घडलेल्या' संसर्गात असते. उपकरणे वाफेने निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह हे यंत्र प्रत्येकाकडे आहे. त्यात प्रत्येक वेळी रासायनिक पट्टी ठेवून तिचा रंग तपासणे आणि ठराविक काळाने जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी करून यंत्र खरोखर जंतू मारते आहे याची खात्री करून घेणे, यासाठी पैसे लागतात आणि ते काम नेमाने करणारा माणूस लागतो. सोलापुरात तर पाण्याचाही प्रश्न आहे. उजनी धरणावर विसंबलेल्या या शहरात नळाला रोज पाणी येत नाही; मधल्या दिवसांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ऑटोक्लेव्हच्या तळाशी थर साचतात आणि उपकरणांवर डाग पडतात. क्षार काढलेले पाणी वापरायचे तर तो आणखी एक खर्च होतो.

तरीही काही गोष्टी फुकट आहेत, आणि त्या होत नाहीत हे मान्य करतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे अँटिबायोटिक चीर देण्यापूर्वी साधारण तासाभराच्या आत दिले पाहिजे. वॉर्डातच पहाटे देऊन टाकले तर ऐन वेळी त्याची रक्तातील पातळी उतरलेली असते. शस्त्रक्रियेनंतर ते पाच-सात दिवस चालू ठेवल्याने जखमेचा संसर्ग टळत नाही. बहुतेक शस्त्रक्रियांना २४ तासांनंतर त्याची गरज नसते. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढल्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि जंतूंना जागा मिळते; केस काढणे आवश्यकच असेल तर क्लिपर, म्हणजे केस कापण्याचे यंत्र, वापरावा. मधुमेही रुग्णाची साखर आटोक्यात न आणता घाईने नियोजित शस्त्रक्रिया करू नये. यातील एकाही गोष्टीसाठी मोठे रुग्णालय लागत नाही.

टॉवेल_अक्कलकोट_रोड

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. अनेक दवाखान्यांत बेसिनजवळ एकच टॉवेल दिवसभर टांगलेला दिसतो आणि तो पुष्कळदा आमच्याच गावात विणलेला असतो. याचा संसर्गाशी संबंध असतो का, हे मनापासून जाणून घ्यायचे आहे, कारण त्यावर उपाय करणे आम्हाला शक्य आहे.

निवृत्त_सिस्टर

संबंध निश्चित असतो, दादा. ओल्या, सामाईक टॉवेलला धुतलेले हात पुसले की हात पुन्हा दूषित होतात. म्हणून टॉवेल एका वेळी एकानेच वापरावा, असा नियम आहे. कागदी टॉवेल परवडत नसतील, तर तळहाताएवढे छोटे नॅपकिन पुरेसे होतात: ट्रेमधून एक घ्यायचा, हात पुसायचे, वापरलेल्यांच्या बादलीत टाकायचा, आणि संध्याकाळी सगळे गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा ट्रेमध्ये ठेवायचे. आपण असे नॅपकिन शेकड्याने स्वस्तात दिले, तर गावावर उपकार होतील.

पाण्याबद्दल डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते खरे आहे, आणि त्यामुळेच अल्कोहोलयुक्त द्रव आपल्याकडे अधिक महत्त्वाचा ठरतो. हातांवर दिसण्याजोगी घाण नसेल तर तो २० ते ३० सेकंद चोळल्याने काम होते आणि पाणी लागत नाही. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. जिनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयाने प्रत्येक खाटेशी असा द्रव ठेवला आणि कर्मचाऱ्यांचे हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर नेले. त्याच काळात तेथील संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. हात शंभर टक्के वेळा स्वच्छ झाले नाहीत, तरी एवढा फरक पडला.

नातेवाइकांनाही हे लागू आहे. आपल्या वॉर्डात युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी करणे, अंग पुसणे, कूस बदलणे ही कामे बहुधा घरची माणसेच करतात आणि शेजारच्या खाटेवरील आजोबांनाही त्याच हातांनी आधार देतात. त्यांना ती बाटली कोणी दाखवत नाही.

कोटणीसांच्या_गावचा

शिक्षक या नात्याने मुलांना भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक दाखवायला नेतो, तेव्हा मी एक प्रसंग आवर्जून सांगतो. चीनमध्ये ज्या रुग्णालयाची धुरा डॉ. कोटणीसांनी वाहिली, त्याला कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव होते. युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्याजवळ हातमोजे नव्हते, आणि पेनिसिलीन अजून वापरात आलेले नव्हते. या धाग्यात आतापर्यंत रुग्णांचा विचार झाला. उपचार करणाऱ्यांनाही याच वाटेने संसर्ग होतो, हे नोंदवावेसे वाटते. सुई टोचल्याने होणारी कावीळ, वॉर्डात लागणारा क्षयरोग हे परिचारिका, सफाई कामगार आणि वॉर्डातील मदतनीस मामा-मावशी यांच्या वाट्याला येतात, आणि त्यांतील कंत्राटी कामगारांना आजारपणाची पगारी रजाही बहुधा मिळत नाही.

हिशेबवही (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कुंभारीच्या ताईंनी दाखवलेला तिसरा भाग मी यापुढे प्रत्येक बिलाच्या तपासणीत धरणार आहे.

आता मोजणीविषयी लिहितो. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पाच प्रमुख संसर्गांचा तेथील वार्षिक खर्च सुमारे ९८० कोटी डॉलर काढला. सेंट्रल लाइनच्या एका संसर्गामागे साधारण ४५,८०० डॉलर, तर लघवीच्या नळीच्या संसर्गामागे सुमारे ९०० डॉलर असा त्यातील फरक आहे. एकूण खर्चात मात्र सर्वांत मोठा वाटा शस्त्रक्रियेच्या जखमांचा होता. हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मला महत्त्वाचे वाटते ते त्याआधीच उचलले गेलेले पाऊल: ऑक्टोबर २००८ पासून तेथील मेडिकेअर या सरकारी विम्याने रुग्णालयात उद्भवलेल्या काही ठराविक संसर्गांसाठी रुग्णालयांना जादा पैसे देणे थांबवले. खर्चाला नाव मिळाले, तेव्हाच तो कोणी द्यायचा यावर वाद होऊ शकला.

आपल्याकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि दरपत्रक तसेच रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. खाटेचे भाडे किती, हे फलकावर वाचता येते. त्याच फलकावर 'गेल्या वर्षी येथे इतक्या शस्त्रक्रिया झाल्या आणि इतक्या जखमांना संसर्ग झाला' ही ओळ का असू नये? एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयांना जखम, लाइन, लघवीची नळी आणि व्हेंटिलेटर यांच्या संसर्गाचे दर मोजावेच लागतात. सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या कायाकल्प योजनेतही संसर्ग नियंत्रणाला स्वतंत्र गुण आहेत. म्हणजे मोजमाप काही ठिकाणी आज होतेच. ते रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

छोटे_रुग्णालय

या सूचनेला माझा विरोध आहे आणि कारण स्पष्ट सांगतो. जो प्रामाणिकपणे शोधेल त्याला संसर्ग सापडतील. जो कल्चर पाठवणारच नाही त्याचा आकडा शून्य राहील. फलकावर शून्य लिहिणारा स्वच्छ ठरेल आणि तीन टक्के लिहिणारा बदनाम होईल. शिवाय अपघातात चिरडलेला पाय आणि ठरवून केलेले हर्नियाचे ऑपरेशन यांचा धोका सारखा नसतो. फाटलेल्या आतड्याची शस्त्रक्रिया मी मध्यरात्री स्वीकारतो. दर जाहीर करायचा झाला, तर उद्या तो रुग्ण पुढे पाठवण्याचा मोह कोणालाही होईल.

कल्चर_प्लेट

डॉक्टरांची भीती रास्त आहे, पण तिच्यावर मार्ग आहेत. तुलना नेहमी सारख्या शस्त्रक्रियांमध्येच करावी: नियोजित सिझेरियन, नियोजित हर्निया, सांधेबदल. लाइन आणि नळ्यांचे दर रुग्णसंख्येवर न काढता दर हजार नळी-दिवसांवर काढतात, ते याच कारणासाठी. सुरुवातीची दोन-तीन वर्षे आकडा जाहीर न करता फक्त रुग्णालयांनी एकमेकांना दाखवावा आणि आकड्याबरोबर किती कल्चर पाठवले तेही सांगावे, म्हणजे न शोधता मिळवलेला शून्य उघडा पडेल. शहरातील डॉक्टरांच्या संघटनेला आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळून हे करता येईल.

हिशेबवही (धागाकर्ता)

दोन-तीन वर्षे आपसांत, हे मी मान्य करतो, पण पुढे ते लोकांसमोर यायलाच हवे. तोपर्यंत निदान एवढे व्हावे की, डिस्चार्ज कार्डावर 'गुंतागुंत' असे न लिहिता कोणता संसर्ग, कोणत्या तारखेला आढळला आणि कल्चरमध्ये कोणता जंतू आला, हे लिहिले जावे.

न्यायालय_परिसर

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहितो. केवळ संसर्ग झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. अपेक्षित काळजी घेतली गेली नाही हे दाखवावे लागते आणि त्यासाठी आंतररुग्ण नोंदी लागतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांत या नोंदी द्याव्या लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. परिचारिकांचे तक्ते आणि कल्चरचे अहवाल त्यात नावानिशी मागावेत. डिस्चार्ज कार्ड पुरेसे नसते.

होटगी_रस्ता

सिस्टर, एक तातडीचा प्रश्न विचारतो. वडिलांना उद्या घरी सोडणार आहेत आणि लघवीची नळी काही दिवस राहणार आहे. घरी संसर्ग होऊ नये म्हणून काय करावे?

निवृत्त_सिस्टर

निघण्यापूर्वी नळी कोणत्या तारखेला काढायची, ते कार्डावर लिहून घ्या. 'नंतर बघू' असे उत्तर आले तर पुन्हा विचारा. पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकती ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. वडिलांना उठवताना किंवा रिक्षात बसवताना ती पोटावर ठेवू नका, कारण लघवी उलटी आत जाते. नळी आणि पिशवी यांचा जोड उघडू नका. पिशवी अर्ध्याहून थोडी अधिक भरली की खालच्या तोटीतून रिकामी करा, त्यासाठी वेगळे भांडे ठेवा आणि त्याच्या आधी व नंतर साबणाने हात धुवा. नळीभोवतीची जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुवावी. डेटॉल वापरू नये. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर पाणी भरपूर द्या.

लघवी गढूळ दिसली किंवा वास आला एवढ्यावरून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. थंडी वाजून ताप आला, पोटात किंवा पाठीच्या बाजूला दुखू लागले, वडील असंबद्ध बोलू लागले किंवा पिशवीत लघवी येणे थांबले, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर घ्यायला सांगा.